पावण्याला कोण बोलणार?

मी लोणीचा आणि माझी सासरवाडी आणे गावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात आण्याच्या पठारावर रस्त्याचं काम निघालं. सातवी पास म्हणून ओव्हरसियरसाहेबांनी मला मुकादम केलं आणि आम्ही नवराबायकोनं आण्यातच बिऱ्हाड मांडलं. टोळी जमवायचं काम सासऱ्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी सकाळी जाऊन बघतो, तर फावडी-घमेली घेऊन समोर सासरे, त्यांचे धाकटे भाऊ, माझा मेहुणा आणि उरलेले सगळे बायकोच्या भावकीतले. सासऱ्यांचं नाव मोठ्यानं पुकारायचं कसं, या पेचात मी हजेरी न घेताच काम सुरू केलं.

मुकादमाला न जुमानणाऱ्या टोळ्या मी पाहिल्या होत्या. माझी अडचण उलटी होती. मी जावई. मी म्हणेन ते ब्रह्मवाक्य.

चहाची चूल कुठं मांडायची, एवढी साधी गोष्ट. मी एक जागा दाखवली. "झ्याक जागा!" सासरे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पठारावरचा वारा नेमका त्याच बाजूनं यायचा. दुपारी सगळी टोळी धुरात बसून डोळे पुसत चहा पीत होती.

"मामा, धूर लागतोय का?" मी विचारलं.

"छ्या! कुठंय धूर?" सासरे खोकत म्हणाले.

हे हसण्यावारी नेलं. पण पुढच्याच आठवड्यात मी खडीचा ढीग रस्त्याच्या डाव्या अंगाला टाकायला सांगितला. दिवसभर टोळीनं घाम गाळून डोंगराएवढा ढीग रचला. संध्याकाळी ओव्हरसियरसाहेब सायकलवरून आले आणि सायकल तशीच टाकून ओरडले, "अहो मुकादम, रस्ता याच बाजूनं रुंद करायचाय! चुना मारलेले खुणेचे दगड कुठं गेले?"

खुणेचे दगड खडीखाली होते. साहेब गेल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला दिसले नव्हते?"

"दिसले व्हते की. सकाळीच."

"मग बोलला का नाही?"

सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं. "पावणं, तुमाला कोण बोलणार? आमच्या पोरीला तुमच्या घरी नांदायचंय."

ढीग हलवायला पुढचे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी बराच विचार केला आणि नवी पद्धत काढली: काही ठरवायचं असलं की आधी प्रत्येकानं आपलं मत सांगायचं, मी सगळ्यात शेवटी बोलणार. सांगितलं, सगळे "बरं" म्हणाले आणि तंबाखू मळत माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी चेहरा दगडासारखा ठेवला. मग थोड्याच दिवसांत कमाल झाली. सासरे माझ्या आधी बोलू लागले आणि बरोबर माझ्याच मनातलं बोलू लागले.

मला वाटलं, पद्धत लागू पडली. बायकोला कौतुकानं सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. वडलांना ती दादा म्हणायची.

"अवो, दादा रोज रातच्याला तुमी निजल्यावर येत्यात आन् इचारत्यात, पावण्यांच्या मनात काय हाय? काकाबी इचारत्यात. मी सांगती."

म्हणजे मी घरी जेवताना जे बरळत होतो, तेच सकाळी टोळीचं मत होऊन परत येत होतं! मी चिडलो. ती म्हणाली, "मला तरी किती दिवस निरोप्या करणार? खाणीचं ठरवायचंय न्हवं? उद्या बघाच तुमी."

खडीसाठी नवी खाण उघडायची होती. एक जागा जवळच्या टेकडीत, दुसरी ओढ्यापलीकडं. सकाळी मी विचारायचा अवकाश, सासरे ठासून म्हणाले, "टेकडीच बरी."

"न्हाई," चुलत सासरे म्हणाले, "वड्यापल्याडची बरी."

दोघांनी एकमेकांकडं दचकून पाहिलं. दोघांचीही खात्री होती, की आपण पावण्यांच्या मनातलं बोलतोय. बायकोनं दोघांना दोन निरोप दिले होते. मी तर तिला काहीच बोललो नव्हतो!

"टेकडीचा दगड कुजका हाय, हातोडा लागला की भुगा व्हतो. त्याच दगडाचा तुमचा बांध बघा की, कसा ढासळलाय!" चुलत सासऱ्यांनी सुनावलं.

"माझ्या बांधाचं नाव काढू नगंस! वड्याच्या दरडीवर भरली गाडी कोण वडणार? तू का तुझा बैल?"

"दरड फोडून उतार केला तर?" मेहुणा पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला. "एका दिसाचं काम हाय."

भांडण रंगलं. सगळी भावकी त्यात उतरली. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं. मलाही राहवेना. मी म्हणालो, "उतार कशाला? घमेल्यांनी वाहू की खडी!"

"तुमी गप बसा वो!" सासरे कडाडले. "घमेल्यानं कुटं रस्ता व्हतो व्हय? काय बी बोलायचं!"

मेहुण्याच्या हातातली तंबाखू खाली पडली. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक झाला. मला मात्र इतकं हसू आलं, की ओंडक्यावर बसावंच लागलं. हसता हसताच सांगितलं, "खाण ओढ्यापलीकडं. आधी दरड फोडा."

संध्याकाळी सासरे दारात उभे. मागं सासूबाई, हातात झाकलेलं ताट. "पावणं, चुकलं. तोंडातनं गेलं."

"मामा, उद्यापासून असंच बोलत जा."

त्यांनी डोळे बारीक केले. "ह्ये सरळ सांगताय का राग धरून?"

"सरळच सांगत्यात, दादा," आतून बायको म्हणाली. "बसा जेवायला."

ओढ्यापलीकडचा दगड चांगला काळाकुळकुळीत निघाला. पुढं साहेब काही विचारायला आले, की मी आधी टोळीत वाद लावून द्यायचो आणि मग उत्तर द्यायचो. काम संपलं, टोळी मोडली, पण सासऱ्यांची भीड मोडली ती मोडलीच. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात, लोणीच्या भर पंगतीत त्यांनी मला सांगितलं, की वाढप्यांच्या रांगा उलट्या सोडल्यात, भातवाले पुढं नि आमटीवाले मागं, आमटी पोचायच्या आत भात संपणार. आमच्याकडची माणसं चपापली. मी उठलो आणि रांगा फिरवल्या.