काळ्या डब्यातली पावडर

मोठ्या दुकानात साबण-सेंटच्या काउंटरवर त्याची उभी हयात गेली, म्हणून सगळे त्याला सेंटवालाच म्हणत. काळे डबे पुरुषांचे, गुलाबी बायकांचे. काळ्यावर वाघ नाहीतर वीज, गुलाबीवर फूल. खोलीत मारायच्या फवाऱ्यांतसुद्धा बैठकीचा मर्दानी आणि स्वयंपाकघराचा नाजूक. कंपन्यांनी भिंतींनाही नवरा-बायको करून टाकलं होतं. एखाद्या पुरुषाचा हात गुलाबीकडे गेला की सेंटवाला हळूच म्हणायचा, "साहेब, ते लेडीज आहे." हात चटका बसल्यासारखा मागे यायचा. याची त्याला मौज वाटायची.

त्याचे वडील वेल्डर. त्यांची बायको गेली आणि त्यांना काही आठवेनासं होत चाललं. सुनेला विचारायचे, "तुम्ही कुठल्या?" पण बायकोची गुलाबाच्या वासाची पावडर विसरले नाहीत. तो गुलाबी डबा उशाशी असला, गळ्याला चिमूटभर लावली, की निवांत पडायचे. नाहीतर दारात जाऊन तिला हाका मारायचे. त्या हाका ऐकवत नसत.

डबा संपला. "अहो, येताना तोच आणा हं," सेंटवाल्याची बायको म्हणाली.

त्याने आणलाही. पण मागच्या रविवारी वडिलांचा वर्कशॉपमधला जुना सोबती उशाशी गुलाबी डबा बघून हसला होता. "काय रे, बापाला नटवतोस की काय?" ते सेंटवाल्याच्या जिव्हारी लागलं होतं. वासाला कोण विचारतं, लोक डबा बघतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने सगळी पावडर एका रिकाम्या काळ्या डब्यात ओतली आणि गुलाबी डबा फेकून दिला. शहाणाच तो.

वडिलांनी काळा डबा बघितला आणि तोंड फिरवलं.

"हे तिचं नाही."

"बाबा, तीच आहे. वास तरी घ्या."

पण सर्दीने म्हाताऱ्याचं नाक चोंदलेलं होतं. त्यांच्याजवळ डोळेच उरले होते, आणि डोळ्यांना वाघ दिसत होता. त्यांनी त्याचा हात ढकलला. पावडर चादरीवर सांडली.

"तिचं आण रे."

"उद्या आणतो, बाबा."

त्या रात्री वडील झोपलेच नाहीत. ताप चढला, तरी उठून दाराशी जात राहिले. दुसऱ्या दिवशी तो गुलाबी डबा घेऊन घरी आला, तेव्हा बायको दारातच रडत उभी होती. वडील गेले होते, तोंड दाराकडे करून. सेंटवाल्याने डबा त्यांच्या उशाशी ठेवला आणि लहान मुलासारखा हमसून रडला.

कामावर परतल्यावर पहिलंच गिऱ्हाईक एक मुलगी. "बाबांसाठी पावडर हवी होती."

"त्यांना कुठली आवडते?" हे त्याने आजवर कोणालाच विचारलं नव्हतं.

"कोण जाणे. जेन्ट्समधली द्या."

सेंटवाल्याने दोन्ही डबे तिच्यापुढे ठेवले. "आधी त्यांना विचारून या, बाई," एवढंच म्हणायचं होतं, पण तेवढ्यात तिने काळा उचलला.