दीड लुगडं लांबीचं घर

हजार कौलं. दत्तोबा सुतारानं पाठवलेल्या चिठ्ठीत हा आकडा वाचला तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जाईना.

चिठ्ठी गवराबाईंच्या घराची होती. नात्यानं त्या माझ्या चुलत सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. चाकणपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला पाठ लावून उभं होतं. दोघा सख्ख्या भावांनी एकाच साली, एकाच जोत्यावर बांधलेलं. ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची असेल. मी नुकतीच सातवी पास होऊन, लग्न होऊन त्या गावात आले होते. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून कुणाचं पत्र आलं की लोक माझ्याकडेच वाचायला आणत.

आत्याबाईंचं वय पन्नाशीचं, अंगानं काडीसारख्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दोन म्हशींच्या दुधावर त्यांचं चालायचं. त्यांच्या घरावर जुनी नळीची कौलं होती. ती दर उन्हाळ्यात उतरवून, झाडून, पुन्हा रचावी लागत. पूर्वी हे काम गावातले गडी भाकरीवर आणि दोन-चार आण्यांवर करत. पण तिकडे पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि गावातले हातपाय हलवणारे सगळे तिकडे बांधकामाला गेले. दोन वर्षं कौलं परतलीच नव्हती. देवघरावर पातेलं ठेवून पावसाळा काढला होता.

"एकदाची मंगलोरी कौलं टाकते," त्या म्हणाल्या. "मंग मी हाय का न्हाई, छप्पर तर राहील."

दत्तोबासुद्धा पिंपरीलाच कॉलनीच्या कामावर. त्यांना माप पाहायला यायला सवड नव्हती. "मापं लिहून पाठवा, खर्च कळवतो," असा निरोप आला. आत्याबाई माझ्या उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "लिही. लांबी दीड लुगडं. रुंदी अर्धं लुगडं."

"लुगडं?"

"मग काय, गज हाय का माझ्याकडं? नऊ वारांचं लुगडं हाय. धरलं भिंतीला."

मी वहीवर नऊचे दीडपट साडेतेरा आणि निम्मे साडेचार वार असे आकडे मांडले आणि चिठ्ठी धाडली. आठ दिवसांनी उत्तर आलं. हजार कौलं, त्या हिशोबानं लाकूड, दार नवं, मजुरी. सगळे मिळून साडेचारशे रुपये.

आत्याबाईंच्या डब्यात तीनशे होते. तिसऱ्या दिवशी हिंदुराव हा गुरांचा व्यापारी आला आणि आत्याबाईंनी त्याच्याकडून मोरी म्हशीचा इसार घेतला. अकरा रुपये. मोरी दीडशेला ठरली. शनिवारी चाकणच्या बाजाराला जाताना तो तिला घेऊन जाणार होता.

मोरी म्हणजे आत्याबाईंची तिसरी म्हैस, त्यांच्या हातावर वाढलेली. आई मेली तेव्हा चार दिवसांची होती. फडकं दुधात बुडवून, बोट चोखायला देऊन जगवलेली. आता पहिल्यांदाच गाभण होती. इसार घेतल्यापासून आत्याबाई गोठ्यात जाऊन नुसत्या उभ्या राहत. मी विचारलं तर म्हणत, "काय न्हाई ग. गोमाश्या लई झाल्यात."

तो हजाराचा आकडा मात्र मला छळत होता. आमच्या घरावर मामंजींनी दोनच वर्षांपूर्वी मंगलोरी कौलं टाकली होती. मी ह्यांना विचारलं, "किती लागली होती?"

"सातशेच्या आसपास. का?"

"मग आत्याबाईंना हजार कशी?"

"असेल त्यांचं घर मोठं," हे वही तपासता तपासता म्हणाले.

कसं मोठं असेल? एकच जोतं, एकच भिंत. शुक्रवारी दुपारी मी आमच्या घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत गेले. मग आत्याबाईंच्या. दोन्हीकडे सतरा भरली. पुन्हा मोजली. सतराच. शेजारच्या विमलबाई ओट्यावरून बघत होत्या. "काय ग कुसुम, डोहाळे लागले का चालायचे?" म्हणाल्या. मी तोंड लपवून आत्याबाईंच्या घरात शिरले.

"आत्याबाई, ते लुगडं दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर."

त्यांनी ट्रंक उघडली. हिरवं, कोरं, सुती लुगडं. त्यांच्या आईनं दिलेलं. नेसायचं राहून गेलं, मग नवरा गेला आणि हिरवं नेसायचंही राहिलं नाही. मी शाळेची फूटपट्टी घेऊन आले. दोघींनी ते ओसरीवर अंथरलं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट भरायला हवं. भरलं साडेबावीस.

"फशिवलं मेल्यानं!" आत्याबाई दुकानदारावर उखडल्या. "चाकणच्या पेठेतला व्हता. तवाच मला त्याचं तोंड आवडलं नव्हतं."

मी पदराकडचं टोक हातात घेतलं. काठ सरळ नव्हता. सुतं लोंबत होती.

"आत्याबाई, हे फाडलंय."

टोकावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "काकड्याला दिलंय."

आमच्या गावात कार्तिकात पहाटे विठ्ठलाच्या देवळात काकडआरती होते. त्या काकड्याच्या वातीला स्वच्छ, न नेसलेलं कापड लागतं. नवरा गेला त्या सालापासून आत्याबाई दर कार्तिकात या लुगड्याची एक वीत फाडून देत होत्या.

"सहा वर्षं. सहा विती. म्हणजे दीड वार," मी म्हटलं. "तेवढाच कमी आहे. मग मोजताना धरलं कसं नाही तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी चुकीचं बोलले. "देवाला दिलेलं मोजतं व्हय कुणी? ते दिलं, गेलं. लुगडं नऊ वारांचंच."

मला हसू आलं आणि लगेच मोरी आठवली. मी पाटी घेऊन बसले. लांबी सव्वाअकरा वार, रुंदी पावणेचार. त्रैराशिक मांडलं. कौलं सातशे. खर्च तीनशेदहा, फार तर तीनशेवीस.

"दत्तोबाला इचारून बघू," त्या म्हणाल्या.

"निरोप जाऊन यायला आठ दिवस. हिंदुराव उद्या येणार."

त्या पाटीकडे बघत राहिल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. "तुझं चुकलं तर?"

मी पुन्हा गुणाकार केला. "नाही चुकत."

"चुकलं तर मोरीबी न्हाई आन छप्परबी न्हाई. इसार मोडला की हिंदुराव पुन्यांदा दारात यायचा न्हाई." मग उठून देवापुढं गेल्या, हात जोडले. काय बोलल्या कळलं नाही.

सकाळी हिंदुराव दोर घेऊन आला. आत्याबाईंनी त्याच्यापुढं बावीस रुपये ठेवले. इसार मोडणाऱ्यानं दुप्पट द्यायचा, असा रिवाज होता.

"काय झालं, काकी? भाव वाढवून पायजे का?"

"न्हाई. घर लहान झालं माझं."

त्याला सगळं सांगावं लागलं. तो मांडीवर थाप मारून हसला. "लुगड्यानं घर मोजणारी बाई म्या आजच बघितली!"

"बघितलीस ना? मग पैसं उचल आन जा. बाजार भरला असंल."

त्यानं बावीस मोजून घेतले, जाताना मोरीच्या पाठीवर एक हात मात्र फिरवला.

दार तेवढं जुनंच राहिलं. तीनशेत बसवायचं म्हणजे ते सोडावंच लागलं. शेवटपर्यंत ते उघडताना कुरकुरायचं. फाल्गुनात दत्तोबा आले, या वेळी स्वतःचा गज घेऊन. कौलं लागली सहाशे नव्वद. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं.

मोरी तोवर व्याली होती, रेडकू घरभर धडपडत होतं. उरलेल्या लाकडात गोठ्याचं छप्परही नीट करून देतो, असं दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी आत्याबाईंना गोठ्याची लांबी विचारली.

आत्याबाईंचा हात सवयीनं ट्रंकेकडे गेला. तसाच मागं आला.

"कुसुमला इचारा," त्या म्हणाल्या. "माझं माप द्येवळात जळलं."