भिंगरीचं दुखणं

तात्यांनी आयुष्यभर लाकूड घासलं. कपाटं, पलंग, दारं, जिन्यांचे कठडे. आधी काचपेपरने घासायचं, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत कापसाचा बोळा बुडवून पॉलिशचा एक हात द्यायचा, तो वाळला की दुसरा. त्यामुळे त्यांचे तळवे कायम तपकिरी असायचे आणि बोटांच्या पेरांवर भेगा. बायको होती तेव्हा म्हणायची, "त्या हातांनी पोरीच्या गालाला हात लावू नका, सोलून निघेल." त्यांची एकुलती एक लेक तान्ही होती, तेव्हा ती त्यांच्या मांडीवर यायची ती न्हाऊन, पावडर लावून, कोरडी ठणठणीत. जरा कुठे ओल लागली की तात्या ओरडायचे, "अगं, घे हिला!" बाप म्हणून त्यांचं काम तिथे संपायचं. त्या काळी कुणी त्याहून जास्त मागतही नसे.

बायको गेली, लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि तात्यांचं एकट्याचं बरं चाललं होतं. मग जावई गेला. तो लिफ्ट बसवणारा फिटर होता. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत खाली फळी टाकलेली आहे असं समजून त्याने पाय पुढे टाकला. फळी नव्हती.

लेक त्या दिवशी रडली नाही. जमलेले लोक म्हणाले, पोरगी घट्ट मनाची आहे. तात्यांनीही तसंच मानून घेतलं, कारण ते मानणं सोपं होतं. "माझ्याकडे चल," ते म्हणाले. "नको तात्या, मी इथेच बरी. तुमचं काम खोळंबेल." तात्या परत आले. रोज फोन करायचे.

"जेवलीस का?"

"हो."

"भिंगरी काय करतेय?"

"झोपलीये."

भिंगरी म्हणजे नात. नुकती पायावर उभी राहिलेली, आणि चालण्यापेक्षा स्वतःभोवती गरगर फिरून धपकन बसण्यातच तिला जास्त मजा. दिवसा पापणीला पापणी लावायची नाही, अशी तिची ख्याती. ती प्रत्येक फोनला झोपलेलीच कशी, हे तात्यांच्या डोक्यात फार उशिरा आलं. आलं त्या सकाळी ते कामावर गेले नाहीत. बस धरून त्यांनी थेट लेकीचं घर गाठलं.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत पाऊल टाकताच डोळ्यांना झोंबणारा शिळ्या लघवीचा वास आला. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. भिंगरी फरशीवर बसली होती. डायपर फुगून मांड्यांपर्यंत लोंबत होता आणि ती बिस्किटाचा रिकामा कागद चोखत होती. आजोबांना बघून ती उठली नाही, हसली नाही, रडलीही नाही.

त्यांनी तिला उचललं मात्र, ती काठीसारखी ताठ झाली आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की लेकसुद्धा अंथरुणात हलली.

डायपर सुटेना. तो चिकटला होता. तात्यांनी तो पाणी लावून लावून सोडवला. ओल धरून फर्निचरचा पापुद्रा सुटतो, तशी कातडी सुटली होती. बेंबीच्या खालपासून पार पाठीपर्यंत लालभडक, जागोजागी पाझरणारं. जांघेच्या घडीत पांढरा थर, आणि तो थर हलला तिथे रक्त. कडेकडेने लाल पुटकुळ्या पसरत चाललेल्या.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"सकाळीच बदललाय मी," लेक म्हणाली. कुठली सकाळ, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तात्यांनी नातीला नळाखाली धरलं आणि साबण लावला. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. भिंगरी निळी पडेपर्यंत किंचाळली. समोरच्या काकू धावत आल्या. "अहो, साबण काय लावताय! नुसत्या पाण्याने धुवा!" त्यांनी पोरीला हातात घेतलं, तिच्याकडे पाहिलं, आतल्या खोलीत झोपलेल्या आईकडे पाहिलं आणि तोंडाला पदर नाही की रुमाल नाही, तशाच मान फिरवून रडल्या. "मला वाटलं, दुःखाचं घर आहे, आपण कशाला सारखं डोकवायचं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

त्याच दिवशी तात्या दोघींना आपल्या घरी घेऊन आले.

पहिले काही दिवस त्यांनी जो जे सांगेल ते केलं. कुणी म्हणालं पावडर टाका; पावडरीचे ओले गोळे होऊन घडीत बसले. औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने न बघताच एक ट्यूब पुढे केली. "सगळ्यांना हीच देतो. दोन वेळा लावा, साफ होतं." आणि खरंच, लाली उतरली. तात्यांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सगळं दुपटीने उलटलं. पुटकुळ्यांत पू धरला, अंग तापलं, आणि भिंगरीने दूध तोंडात घेणं सोडलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी भिंगरीला तपासलं, ट्यूब हातात घेऊन वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"याने वरवर बरं दिसतं आणि आत बुरशी माजते. कुणी दिली?"

"दुकानातून घेतली."

"आई कुठे आहे हिची?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर लेक बसली होती, मांडीवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत.

"तिला बरं नाही," तात्या म्हणाले.

"मग हिच्याकडे कोण बघतं?"

"मीच."

"तुम्ही? आणि हे असं होईपर्यंत काय करत होतात? झोपला होतात?"

"लक्षात आलं नाही."

"लक्षात आलं नाही!" बाईंचा आवाज चढला. बाहेरच्या लोकांनी माना वळवल्या. "आजोबा, हे एका दिवसात होत नाही. ही पोरगी तासन्‌तास घाणीत बसून होती. रडली असेल, ओरडली असेल, आणि मग ओरडायचंही थांबली असेल. कळतंय का तुम्हाला? पुन्हा अशी दिसली, तर मी वर कळवीन. तुमच्या ताब्यात ठेवणार नाहीत तिला."

तात्या खाली मान घालून उभे राहिले. आयुष्यात गिऱ्हाइकाचं एक वाकडं बोलणं त्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं. कपाट अर्ध्यावर सोडून निघून येणारा माणूस. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "चुकलं. आता काय करायचं ते सांगा."

बाईंनी सांगितलं, आणि तेही रागातच. पोटातून घ्यायचं औषध, बुरशीवरचं पातळ मलम, आणि त्यावर जस्ताचं पांढरं घट्ट मलम, भरपूर. ओलं झालं की लगेच बदलायचं, पोर रडायची वाट बघायची नाही. सुवासिक ओले रुमाल बंद. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. "आणि पुसायचं नाही. टिपायचं. घासलंत तर जेवढं भरलंय तेवढं पुन्हा निघेल. जमेल तेवढा वेळ उघडं ठेवा. ताप उतरला नाही, तर थेट भरती करा."

घासायचं नाही, हे तात्यांना फार जड गेलं. हाताला तीच सवय. त्यांनी जुनी चादर फाडून तिचे तुकडे उकळले, वाळवले. कोमट पाण्यात बोळा बुडवून ते नातीच्या अंगावर वरून नुसतं पाणी पिळायचे, मग कापड ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. पांढरं मलम खिडकीच्या चौकटीला पुट्टी भरावी तसं जाड थापायचं. पुढच्या वेळी फक्त वरची घाण काढायची, खालचा थर तसाच राहू द्यायचा. एवढं सगळं नीट केलं, तरी मलम लावताना भिंगरी किंचाळायची. तात्यांना कळेना. एकदा मलम लावता लावता त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली. सकाळी एका मेजाचं काम करून आले होते. हात दोनदा धुतले होते, तरी भेगांमधून स्पिरिटचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं, "पॉलिशचं काम बंद केलं."

"पोरीला बरं वाटेपर्यंत ना?"

"हात बरे होईपर्यंत," तात्या म्हणाले. ते हात कधी बरे व्हायचे नव्हते. त्यांनी एका फर्निचरच्या दुकानात कड्या-बिजागऱ्या बसवायचं काम धरलं, दुपारचं, अर्ध्या पगारावर. तेवढा वेळ काकू बस बदलून येऊन भिंगरीजवळ बसायच्या. आपण वेळेवर डोकावलो नाही, हे काकूंच्या मनातून जात नव्हतं.

भिंगरी उघडीच खिडकीपाशी उन्हात झोपवलेली असायची. घरभर तळी व्हायची. तात्या फडकं घेऊन मागे मागे. पाण्याचं पातेलं दिसलं की ती टेबलाचा पाय घट्ट धरायची, आणि एकेक बोट सोडवताना तात्यांना स्वतःच्या जन्माची लाज वाटायची. गाणं त्यांना येत नव्हतं. मग ते लाकडांची नावं म्हणायचे, एका लयीत, "साग, शिसम, देवदार, बाभूळ…" ती हळूहळू ऐकायला लागली. एकदा रडता रडता मध्येच म्हणाली, "चिचम." तात्यांना हसू आलं. खूप दिवसांत ते हसले नव्हते, त्यामुळे त्यांना आधी खोकलाच आला.

लेक हे सगळं पलंगावरून बघत होती. ती उठायची, तोंड धुवायची, पुढ्यात ठेवलेलं चिवडायची, पुन्हा पडायची. भिंगरीचा ताप उतरल्यावर एका सकाळी ती अचानक बोलली.

"त्या बाईंकडे तुम्ही खोटं का बोललात?"

तात्यांच्या हातात मलम होतं. "काय खोटं बोललो?"

"मी ऐकलं सगळं."

"ऐकलंस तर ऐकलंस. 'झोपलीये' म्हणालीस की फोन ठेवून द्यायचो, तो मीच ना? मग खोटं कुठे झालं?"

लेक भिंतीशी बोलावं तशी बोलली, "ती रडायची ते मला ऐकू यायचं, तात्या. पण शेजारच्या घरात कुणाचंतरी पोर रडतंय असं वाटायचं. मी आपली वाट बघायची, तिची आई उठेल आता, घेईल तिला. मला राग यायचा त्या आईचा."

तात्यांनी भिंगरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले.

पुन्हा दाखवायला गेले तेव्हा नवी गुलाबी कातडी आली होती. बाईंचा सूर उतरला होता. "मेहनत घेतलीत हं, आजोबा. असंच सांभाळा." त्या चिठ्ठी लिहीत होत्या, तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली.

"ते नव्हते," ती म्हणाली. "मी होते. ती माझ्याजवळ होती."

"अगं, गप—" तात्या उठले.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच, आणि तात्यांना म्हणाल्या, "तुम्ही बाळाला घेऊन बाहेर बसा जरा." दार बंद झालं. बाहेर ताटकळलेल्या आया कुरकुरायला लागल्या, तरी ते उघडलं नाही. उघडलं तेव्हा लेकीचे डोळे सुजले होते. जावई गेल्यानंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. त्याच आठवड्यात तिला मनाच्या दवाखान्यात दाखल केलं. बाईंनी स्वतः फोन करून खाट मिळवून दिली. तात्यांची क्षमा मात्र त्यांनी मागितली नाही, आणि तात्यांच्याही ते मनात आलं नाही.

उपचार लांबले. लेक घरी परतली तेव्हा औषधांनी सुस्तावलेली होती, पण तिचे डोळे जागेवर आले होते. भिंगरी तोवर सगळं घर पालथं घालत होती. कातडी साफ झाली होती, फक्त जांघेत एक फिकट वण राहिला होता. आईने पहिल्याच संध्याकाळी तिला बदलायला घेतलं. तिचा हात लागताच पोरगी ताठ झाली, अगदी तशीच, काठीसारखी, आणि "ताता, ताता" करत आजोबांच्या दिशेने हात टाकायला लागली.

"तिला अजून तुझी सवय नाही गं," तात्या घाईने म्हणाले. "महिनाभर दिसली नाहीस, विसरली असेल."

"विसरली नाही," लेक म्हणाली. "तिने बरोबर ओळखलं मला."

ती बाजूला झाली. तात्यांनी पोरीला बदललं. कितीतरी दिवस असंच चाललं. लेक पाणी कोमट करून आणायची, कापडं वाळत घालायची, मलमाचं झाकण उघडून द्यायची आणि मागे सरायची. ती एका पिशव्या शिवायच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. भिंगरी तात्यांच्या कुशीत झोपायची, आई पलीकडे.

एका सुट्टीच्या दिवशी लेकीने बादलीत पाणी काढलं आणि म्हणाली, "तात्या, आज मी आंघोळ घालते हिला. तुम्ही बाहेर बसा. ती रडेल. तरी आत येऊ नका."

तात्या बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून रडणं सुरू झालं, आणि मध्ये मध्ये त्यांच्या नावाची हाक. ते दोनदा अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. आत लेक काही बोलत नव्हती, पाण्याचाही आवाज नव्हता. ती पोरीला हात न लावता नुसती समोर बसून असावी. रडणं चालूच राहिलं. जिन्यावरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय हो आजोबा, नात रडतेय वाटतं?"

"आई आहे तिची आत," तात्या म्हणाले, आणि बसून राहिले.