लाल बेडूक

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. हे त्याला ठाऊक नाही. कुणालाच नाही – आज पहिल्यांदाच, तुम्हाला सांगते आहे.

मी सोलापुरात शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवते. मुलाला बरं-वाईट कसं कळू लागतं, हा माझा हातखंडा विषय. आधी मार बसेल म्हणून मूल खरं बोलतं, मग शाबासकीसाठी, पुढे कधीतरी खरं ते खरं म्हणून – या पायऱ्या मी फळ्यावर इतक्यांदा काढल्यात की झोपेतही काढीन. पहिल्या पायरीपाशी आलं की मी एका मुलीचं उदाहरण देते. 'चौथीत एक मुलगी होती' – एवढं म्हटलं की वर्ग पेन उचलतो.

तीच गोष्ट सांगायची आहे. पण वर्गात सांगते तशी नाही.

तेव्हा मी विणकरांच्या वस्तीतल्या एका शाळेत शिकवत होते. मुलं घरी तेलुगू बोलायची, शाळेत मराठी. नोकरी सांभाळून मी एम.एड. करत होते आणि प्रबंधासाठी एक प्रयोग काढला होता. शेंगाचटणीचा रिकामा स्टीलचा डबा, आत किल्ली दिली की उड्या मारणारा पत्र्याचा लाल बेडूक. एकेका मुलाला वाचनालयाच्या खोलीत डब्यासमोर बसवायचं, 'आत गंमत आहे, पण उघडायचा नाही हं' असं सांगून बाहेर जायचं, आणि पाच मिनिटांनी येऊन विचारायचं – उघडलास का? कोण खरं सांगतं, कोण नाही, आणि का. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला! डबा रोज घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर अंबिकाचा होता.

"उघडला की मॅडम," ती म्हणाली. "पण आत काय नव्हतं."

मी झाकण काढलं. डबा रिकामा. उघडला म्हणून सांगणारी ती पहिलीच मुलगी – खरं तर तिची पाठ थोपटायला हवी होती ना? मी विचारलं, बेडूक कुठाय? भर वर्गात तिचं दप्तर उलटं केलं. काही मिळालं नाही, तेव्हा तिच्या आईला निरोप धाडला. ती विड्या वळायची, हातातलं काम टाकून धावत आली आणि आल्या आल्या मुलीच्या मुस्काटात दिली. मी मध्ये पडले नाही. शेवटी अंबिका म्हणाली – घेतला, नळाजवळच्या गटारात टाकला.

संध्याकाळी घरी चादर झटकली आणि बेडूक खाली पडला. आदल्या दिवशी भाची आली होती. तिला खेळायला मीच तो काढून दिला होता आणि परत ठेवायला विसरले होते.

किती सोपं होतं सांगा – सकाळी वर्गात दोन वाक्यं बोलायची. मी ती घोकून गेलेसुद्धा. हजेरी घेताना अंबिका 'हजर' म्हणाली नाही, नुसता हात वर केला – आणि मी पुढचं नाव घेतलं. कुणाला घाबरले? मुख्याध्यापिकेला? त्या आईला? खरं सांगू – चौथीतल्या पोरांसमोर चूक ठरायला. मुलं तिला वर्षभर 'चोर' म्हणत होती, ते माझ्या कानावर येत होतं. प्रबंधात मी तिच्यावर अख्खं पान लिहिलं: दबावानंतर कबुली, पहिली पायरी. परीक्षकांना ते पान फार आवडलं.

गंमत म्हणजे – नाही, गंमत कसली – पायऱ्यांच्या पुढचाच धडा 'स्व'चा आहे. मूल स्वतःला ओळखतं ते मोठ्यांच्या बोलण्यातून. आपण त्याला जे म्हणतो, तेच ते पुढे स्वतःला म्हणू लागतं. हेही मी शिकवते, आठवड्याभरातच. हे दोन धडे मी कधी एका दिवशी घेतले नाहीत.

गेल्या महिन्यात सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉलमध्ये अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं. मी उदाहरण दिलं, नेहमीचंच. जेवणाच्या सुट्टीत एक सेविका डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"मॅडम, ती मुलगी मीच की. ओळखलं नाय का तुमी?"

आता ही चारचौघींत जाब विचारणार – आणि आतून बरंही वाटलं, सुटेन एकदाची. पण ती हसत होती. शेजारच्या बायकांना सांगत होती, लहानपणी मी लई खोटारडी होते, मॅडमनी धरलं म्हणून सुधारले. तिला सात वर्षांची मुलगी आहे. साडेपाचला शाळेतून आली की अंबिका आधी तिचं दप्तर उलटं करून बघते. मुलगी रडते, तरी बघते.

"रक्तातच असतंय की ते," ती म्हणाली. "माझ्यावर जायला नको पोरगी."

मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "अजून आठवतोय बघा तो बेडूक. हिरवागार. हातात घेतला तर गार लागला होता."

तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, आणि दोन वाक्यं माझ्याकडे तयार होती – इतकी वर्षं घोकलेली.

"हो," मी म्हटलं. "हिरवाच होता."

तिनं मला तिच्या डब्यातली शेंगापोळी दिली. मी ती खाल्ली. दुपारी ती पहिल्या रांगेत बसून मी सांगेन ते सगळं लिहून घेत होती.

बेडूक लाल आहे. माझ्या कपाटात आहे, किल्ली दिली की अजून उडतो. आणि साडेपाचला अंबिकाची मुलगी शाळेतून घरी येते.