शेगडी आणि टेप लावलेली खोली

आखातातल्या लढाईच्या हिवाळ्यात आम्ही सौदीत अल खर्जला होतो. नवरा डेअरीवर कामाला. आम्ही कोकणातली, घर तापवायची सवय नाही. तिथल्या थंडीसाठी त्याने लाकडाची लोखंडी शेगडी आणली. तिचा पाइप खिडकीतून बाहेर जायचा. इराकच्या रॉकेटमधून विषारी गॅस येईल म्हणून सगळ्यांनी दारं-खिडक्यांना टेप लावली. नवऱ्याने पाइप काढून तेही भोक बुजवलं. आता नुसते निखारेच आहेत, धूर कुठे होतोय, असं म्हणाला.

संध्याकाळी रॉकेटच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. थोड्या वेळात आमच्या मुलीला उलटी झाली आणि ती बेशुद्ध पडली.

"गॅस आला! ओला टॉवेल आण," नवरा ओरडला.

माझं डोकं भोंग्याच्या आधीपासून ठणकत होतं. मी म्हटलं, "हा तुमच्या शेगडीचाच गॅस आहे. दार उघडा."

तो दाराला पाठ लावून उभा राहिला. "उघडलंस तर तिघंही मरू."

"आत बसूनही मरतोच आहोत. सरका."

मी त्याला ढकललं, टेप फाडली आणि मुलीला बाहेर नेलं. भोंगा चालूच होता. नवरा मागून येऊन तिच्या तोंडावर ओला टॉवेल दाबू लागला. मी तो हिसकावून फेकला. मोकळ्या हवेत मुलगी शुद्धीवर येऊन रडायला लागली, तेव्हा तो मटकन खाली बसला.