चिंधीदादाचा अंगठा

खिशात काय सापडतं त्यावरून माणसांची नावं पडायला लागली, तर आमच्या निम्म्या गल्लीला 'रिकामा' म्हणूनच हाका माराव्या लागतील. पण एकाचं नाव खरोखरच तसं पडलं होतं. हा चामड्याच्या वस्तू रंगवणारा रंगारी. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम धुतलेली पांढरी चिंधी असायची, म्हणून तो चिंधीदादा. पोरंसोरंही त्याला त्याच नावानं हाक मारत आणि तोही खुशाल ओ देई.

दुकान दोघा भावांचं, आमच्या कुलपांच्या दुकानासमोरच. धाकटा चामडं कापायचा, शिवायचा आणि गिऱ्हाईक सांभाळायचा. थोरला, म्हणजे चिंधीदादा, मागच्या खोलीत रंगवायचा. बॅग शिवून आली की ती कोरी असते, लहान बाळाच्या टाचेच्या रंगाची. चिंधीदादा ओल्या स्पंजानं तिला पुसून घेई आणि रंगात बुडवलेला कापसाचा बोळा गोल गोल फिरवी. मग बॅग सावलीत खुंटीला टांगायची, वाळली की पुन्हा हात द्यायचा. कडा गुळगुळीत लाकडानं अशा घासायचा की कापलेलं चामडं वाटूच नये. शेवटी तेल आणि मेण. पण मेणाआधी खिशातली चिंधी बाहेर निघायची. ती तो बॅगेवर खसाखसा घासे. चिंधीला रंग लागला, की बॅग परत खुंटीवर. धाकटा दारातून डोकावून म्हणायचा, "दादा, गिऱ्हाईक बसलंय." हा म्हणायचा, "बसू दे की. बसल्यानं रंग उडत नाही, घाईनं उडतो."

चिंधी पांढरीच्या पांढरी निघाली, तरच मेण. आणि मेणानंतर, रंगात बुडवलेला अंगठा झाकणाच्या आतल्या बाजूला. हा झाला चिंधीदादाचा शिक्का. अंगठा असलेली बॅग बिनधास्त काखेत मारा, कपड्याला डाग लागणार नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

त्याच्या स्वतःच्या बोटांचा रंग मात्र कधी गेला नाही. मुलगी बघायला गेला तेव्हा सासऱ्यांनी ती काळी बोटं पाहिली आणि घसा खाकरला. यानं काय करावं? खिशातून चिंधी काढली, आपली बोटं घासली आणि पांढरी चिंधी सासऱ्यांसमोर धरली. म्हणाला, "रंग पक्का आहे, उतरत नाही. मुलगी द्यायला हरकत नाही." आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि लग्न तिथंच ठरलं. वहिनी अजून सांगतात, "मी माणसाला नाही, चिंधीला हो म्हटलं."

आई लवकर गेली, तेव्हा धाकटा बोबडं बोलत होता. त्याला भरवायला आणि खांद्यावरून शाळेत पोचवायला हाच होता. धाकट्याला पहिल्यांदा टाका घालायला शिकवलं तेही यानंच. म्हणून धाकट्यानं दुकान वाढवलं, नवं मशीन आणलं, तेव्हा छाती याचीच फुगली. त्या दिवशी धाकटा चामड्याचा एक कोरा तुकडा ओला करून घेऊन आला. म्हणाला, "दादा, यावर तुझा अंगठा दाब. मशीनच्या वर टांगतो. आईबाप नाहीत, तूच आहेस." ओलं चामडं लोण्यासारखं मऊ. जे दाबाल ते धरून ठेवतं आणि वाळलं की सोडत नाही. चिंधीदादानं असा अंगठा दाबला की एकेक रेघ उमटली. मग आठवडाभर गल्लीतल्या प्रत्येकाला तो तुकडा दाखवायला घेऊन जाई. "देवाजवळ लावतात तसा लावलाय," असं मला म्हणाला आणि नाक पुसण्यासाठी उगाचच चिंधी काढली.

बरेच दिवस गेले. काम वाढलं. धाकट्याच्या बॅगा लांबच्या मोठ्या दुकानात जाऊ लागल्या आणि तिथले लोक घाई करू लागले. धाकटा म्हणे, काही माल मी दुसरीकडं रंगवून घेतो, तो साधा माल, तुझ्यापर्यंत आणत नाही. चिंधीदादाला त्यात वावगं वाटलं नाही. साधा माल म्हणजे बिनअंगठ्याचा, असं त्यानं धरलं.

मग एके दिवशी शाळेतल्या बाई आल्या. अंगावर पांढरे कपडे आणि कमरेपाशी तांबडा डाग, कुणी हात पुसल्यासारखा. बाई आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. बॅग समोर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमचा अंगठा बघून घेतली होती."

चिंधीदादानं झाकण उघडलं. आत त्याचाच अंगठा. चिंधी घासली, ती तांबडी झाली. सगळ्या गल्लीसमोर त्यानं हात जोडले. चूक माझी, म्हणाला, कपडेही मी धुऊन देतो. बॅग ठेवून घेतली. दुसऱ्या कुणी केलं असेल, ही शंकासुद्धा त्याला आली नाही. आपला हात गेला, म्हातारपण आलं, असंच त्याला वाटलं. घरी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिला.

शंका आली ती वहिनींना. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा अंगठा इतका सरळ कधी लागलाय हो? जन्मभर तिरका."

चिंधीदादा तसाच उठला आणि दुकानात आला. बाहेरून रंगवून आलेल्या फळीवरच्या बॅगा एकेक करून उघडल्या. प्रत्येकीत अंगठा, प्रत्येक अंगठा शिपायासारखा ताठ, आणि प्रत्येकाच्या खाली डाव्या बाजूला तोच एक ठिपका. खरा अंगठा कधी जास्त भरतो, कधी घसरतो. हा घसरतच नव्हता. धाकटा मशीनवर वाकून शिवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण मशीन थांबलं.

चिंधीदादानं वर पाहिलं. चामड्याचा तुकडा खिळ्यावर होता तिथंच होता. त्यानं तो उतरवला. अंगठ्याच्या रेघांत काहीतरी पांढरट बसलं होतं. सवयीनं चिंधी काढून पुसलं, पण पांढऱ्या चिंधीवर पांढरं काय दिसणार? मग बोटानं पुसलं. जन्मभराच्या त्या काळ्या बोटावर पांढरी पूड आली. प्लास्टर होतं ते. तुकड्यात प्लास्टर ओतून साचा काढला होता आणि साच्यावरून रबराचा शिक्का.

मी दारात उभा होतो. आत जावं की माघारी फिरावं, कळेना. धाकट्यानं मशीनवरचं चामडं बाजूला सारलं. मग खाली बघत म्हणाला, "तू म्हणायचास, अजून चिंधी रंगते, अजून थांब. ते लोक थांबत नाहीत रे. आणि दादा, अंगठाच तर आहे."

"मागितला असतास तर दिला नसता," चिंधीदादा म्हणाला, "हे तुला ठाऊक होतं. म्हणून तू आठवण मागितलीस."

एवढंच. भांडण नाही की आदळआपट नाही. शिक्का कुठाय, हेही विचारलं नाही. तुकडा ओल्या स्पंजानं भिजवला आणि कडा घासायच्या लाकडानं त्यावरच्या अंगठ्यावर घासत बसला. रेघा बुजल्या, खळगा मात्र राहिला. तुकडा तसाच परत खिळ्याला टांगला. मग आपले रंग, बोळे आणि लाकूड टोपलीत भरून घरी गेला.

बाईंची बॅग त्यानं घरीच केली. मेण काढलं, कच्चा रंग धुतला, पुन्हा रंगवली, वाळवली. बाई न्यायला आल्या, झाकण उघडलं आणि विचारलं, "अंगठा?"

"तो आता दुकानात मिळतो," चिंधीदादा म्हणाला, आणि बॅगेबरोबर एक पांढरी चिंधी त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच घासून बघा."

तेव्हापासून तो परसातल्या खोलीत काम करतो. मालात अंगठा नाही, पण प्रत्येक वस्तूबरोबर चिंधी. वहिनींनी जुन्या चादरी फाडून ढीग करून ठेवलाय. लोक हसतात, घासतात, मान हलवतात, घेऊन जातात. पूर्वी कुणी घासत नसे. दुकानातल्या बॅगांवर अंगठा अजून असतो, ताठ, खाली ठिपका असलेला. बाजारात त्यालाच चिंधीदादाचा अंगठा म्हणतात. याचं स्वतःचं नाव तिकडं राहिलं आणि हा इकडं.

परवा मी त्याच्याकडं बसलो होतो. मागल्या दारानं धाकटा आला. अंगानं सुटलाय आता. स्वतःला पट्टा हवा म्हणाला, चांगला, रंग न जाणारा. दुकानभर पट्टे आणि मालक पट्टा मागायला इथं, म्हणून मला हसू येत होतं, पण वहिनींचा चेहरा बघून गिळलं. चिंधीदादानं खुंटीवरचा तपकिरी पट्टा काढून कमरेचं माप बघितलं, जादा तुकडा कापला, कड घासून दिली. मग ढिगातली एक चिंधी उचलली आणि पट्ट्यासोबत पुढं केली, कुठल्याही गिऱ्हाइकाला करतो तशी.

धाकटा म्हणाला, "दादा, मला कशाला? तुझ्यावर भरवसा आहे."

"असू दे," चिंधीदादा म्हणाला. "घासून बघ."

धाकट्यानं चिंधी हातात घेतली. घासली मात्र नाही. ती हातात धरून तो तसाच उभा होता, आणि चिंधीदादा पुढच्या पाकिटाला रंग द्यायला खाली बसला होता.