हूक सुटला नव्हता

आमच्या ह्यांना कामावरची माणसं समोर ‘शेठ’ म्हणतात आणि पाठीमागे ‘पट्टाशेठ’. ह्यांना ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. रंगकामाचे ठेके घेतात हे. घरांचे नाही, मोठाल्या इमारतींचे. ऑफिसं, गोदामं, हॉस्पिटलं, जिथे माणसाला दोरावर लटकून भिंत रंगवावी लागते. सकाळी रंगाचा डबा उघडायच्या आधी हे एकेकाच्या कमरेचा पट्टा धरून असा हिसका देणार, की पेंगणारा गडी खाडकन जागा व्हावा. मग हूक बघणार. मग दोर कशाला बांधलाय ते स्वतः वर जाऊन बघणार. कुणी कुरकुरला, की ह्यांचं ठरलेलं वाक्य तयारच असतं, “तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू रे?”

आणि ह्यांचा एक नियम असा, की “दोन मिनिटांचं तर काम आहे” असं जो म्हणेल, त्याने त्या दिवशी सरळ घरी जायचं. मग तो जुना असो की नवा, काम अडो की राहो. मुकादमालासुद्धा एकदा घरी पाठवलं होतं. बिचारा चार दिवस फुगून बसला होता.

ह्या वाक्यावर एवढा राग का, ते मला माहीत आहे. माझे थोरले दीर ह्याच वाक्यापायी गेले. दोघे भाऊ तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली रंगारी होते. काम संपवून, पट्टे सोडून खाली आले, तर छज्ज्याखाली हाताएवढा तुकडा राहिलेला दिसला. “दोन मिनिटांचं काम, तू डबे धू,” म्हणून दीर तसेच वर चढले. हे डबे धूत होते. आवाज आला तेव्हा मागे वळून बघायची ह्यांची छाती झाली नाही, असं हे मला लग्नानंतर एकदाच म्हणाले. परत कधी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

तर असा हा माणूस. आणि आमच्या जेवणाच्या खोलीच्या छताला गळतीचा हा एवढा डाग! मुलगी आणि जावई पहिल्यांदाच राहायला यायचे होते. मी ह्यांचं डोकं खाल्लं. लोकांच्या इमारती आरशासारख्या करता, आणि जावयाच्या ताटावर पोपडे पाडणार का, म्हटलं. शेवटी सुट्टीच्या दिवशी हे वैतागून उठले.

“गोदामातून शिडी मागवा ना,” मी म्हटलं.

“एवढ्याशा डागाला शिडी? अगं, दोन मिनिटांचं काम आहे.”

मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. टेबलावर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर आमचे हे, पायात घरातल्या सपाता, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. मी खुर्ची धरून उभी होते. गॅसवर दूध वर आलं म्हणून धावले. दूध वाचलं. हे पडले.

टाचेचं हाड मोडलं, मनगट मोडलं, आणि पांढरा रंग डोक्यापासून पायापर्यंत. हॉस्पिटलात मुकादम धापा टाकत आला. तो दिरांच्या वेळचा माणूस, ह्यांचा उजवा हात.

“कुठे पडलात, शेठ?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतील आणि आम्ही तिघं हसू. पण ह्यांनी नजर खाली घातली.

“ते नवीन काम यायचंय ना, ते बघायला गेलो होतो. एकटाच.”

“पट्टा नव्हता?”

“होता.”

“मग?”

“हूक सुटला.”

मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. तो गेल्यावर मी म्हटलं, “अहो, काय बोलून बसलात हे?”

“मग काय सांगू? जेवायच्या टेबलावरून पडलो म्हणून? उद्या एक तरी माणूस माझं ऐकेल का?”

आणि मला ते पटलं! ह्यांची लाज वाटते ती एक, पण माझी मला जास्त वाटते. कारण पुढे मीच ती गोष्ट रंगवली. शेजारणी बघायला आल्या, तर चहा देता देता मी म्हणायची, “हूक सुटला हो! नशीब, खाली वाळू होती.” वाळू माझी. ह्यांनी वाळूचं नावही काढलं नव्हतं. मुकादम घरी यायचा तेव्हा बेडरूमच्या दारामागे ह्यांचा पट्टा लटकलेला असायचा, हूक अगदी धडधाकट. त्यावर मी टॉवेल टाकायची. हे पलंगावरून बघायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

मुलगी-जावई आले आणि गेले. डाग होता तिथेच होता. मग एके दिवशी मुकादम आला तो बसलाच नाही. चहा नको, पाणी नको.

“शेठ, पट्टे कोणी घालत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणतात, शेठचा पट्टा शेठला धरत नाही, तो आम्हाला काय धरणार? नुसतं कमरेला ओझं. सगळे कोपऱ्यात ढीग करून टाकलेत. आणि मी कुठल्या तोंडाने बोलू? माझाच विश्वास उडालाय. पट्टे विकणाऱ्या दुकानदाराला जाऊन चार माणसांत नको नको ते बोललो. तो हात जोडत होता बिचारा.”

ह्यांनी काही विचारायच्या आत तोच पुढे म्हणाला, “काल लंबू घसरला.”

लंबू म्हणजे ह्यांचा सगळ्यात उंच रंगारी. दोरावर लटकून बेसूर गाणी म्हणणारा, सतत खिदळणारा. त्याचा पाय छज्ज्यावरून सटकला. पट्टा नव्हता. रंगाची बादली ओढायचा दोर हाताला लागला, तो धरून घसरत घसरत खाली आला. जीव वाचला, पण दोन्ही तळहातांची साल निघाली.

“बायको भरवतेय त्याला,” मुकादम म्हणाला. “पोरं बघत बसतात. त्याला लाज वाटते.”

ह्यांचा चेहरा पुट्टी फासल्यासारखा पांढरा पडला. मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले. मुकादम जिना उतरून गेला, तेव्हा म्हणाले, “ती खुर्ची टाकलीस का?”

टाकली नव्हती. पाय चिरलेली खुर्ची बाल्कनीत पडून होती.

“अहो, सगळ्यांसमोर नको,” मी अगदी काकुळतीला आले. “मुकादमाला एकट्याला सांगा. तो सांगेल त्यांना काहीतरी.”

“काहीतरी सांगूनच हे झालं ना!” हे ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुबडी घेऊन पुढे आणि मी खुर्ची घेऊन मागे, अशी आमची वरात कामावर पोचली. ह्यांच्या खांद्यावर तो पट्टा. माणसं गोळा झाली. कोणी बरे आहात ना म्हणत होतं, कोणी बसायला डबा उपडा करत होतं. लंबू आधीच एका डब्यावर बसला होता. घरी जीव रमत नव्हता म्हणे. दोन्ही हात बँडेजमध्ये गुंडाळून मांडीवर ठेवलेले.

ह्यांनी मला खुर्ची मधोमध ठेवायला लावली.

“ह्याच्यावरून पडलो,” हे म्हणाले. “घरात. जेवायच्या टेबलावर ही ठेवली आणि हिच्यावर चढलो. पट्टा दारामागे होता. हा बघा. हूक सुटला नव्हता. मी खोटं बोललो. दुकानदाराची माफी मी मागेन.”

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा घोळकाच हसायला लागला. अहो, हसणारच! पट्टाशेठ आणि प्लॅस्टिकची खुर्ची! हेही ओठ ताणून हसल्यासारखं करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकादम हसत नव्हता, तो जमिनीकडे बघत होता.

आणि लंबू हसत नव्हता.

“म्हणजे हूक बरा होता, शेठ?” त्याने विचारलं.

“बरा होता.”

“आमचेही?”

“तुमचेही बरे होते.”

लंबूने आपल्या हातांकडे बघितलं. हसणं आपोआप थांबलं. मला वाटलं, आता हा शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. त्याने नुसतं विचारलं, “चढलात कशाला पण? तुम्ही?”

हे खोटं सांगू शकले असते. बायकोने भरीला घातलं, असं म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. पण ह्यांनी कुबडीवरचा हात घट्ट केला आणि म्हणाले, “म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे.”

हे वाक्य म्हटलं की काय होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी लंबूच बोलला. आवाजात राग नव्हता, टिंगल नव्हती.

“मग घरी जा, शेठ.”

“हो,” हे म्हणाले. एवढंच. पट्टा मुकादमाच्या हातात दिला आणि वळले. मी खुर्ची उचलायला वाकले, तर म्हणाले, “राहू दे ती इथेच.”

आम्ही फाटकाकडे चालायला लागलो. कुबडी खडीत रुतत होती. मी हात पुढे केला, तो ह्यांनी धरला नाही. मागे ढिगातले पट्टे उचलल्याचे, हूक एकमेकांवर आपटल्याचे आवाज येत होते. मग मुकादमाचा आवाज आला, एकेकाला जवळ बोलावत होता, हिसका देत होता, आणि ह्यांचंच वाक्य म्हणत होता, “तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू रे?”

मी वळून बघितलं. ह्यांनी नाही बघितलं.